तळ्यात बोंबील

४ ऑगस्ट, रविवार

आली अन् सरळ तळ्यावर! घरात पाय नाई, "आजी कशी आहे" नाई. मी दारात गूळ-पाणी घेऊन उभी, अन् बाई जीपमधून उतरून एका पिवळ्या ड्रमच्या मागं मागं तळ्याच्या पाळीवर गेली. चार माणसं ड्रम धरून चालले, ही त्यांच्यावर ओरडते — "हळू भाऊ, आडवा नका करू!" जसं काई आत बाळंतीण झोपली आहे. ते पाणी शेवटी मीच पिऊन टाकलं.

हर्षा. माह्या अजयची पोरगी. तिची माय गेली तवा हिले नीट बोलता येत नव्हतं. अजय घुग्घुसले सिमेंटचा ट्रक चालवते, म्हणून पोरगी माह्याच पदराले. मंग चंद्रपूरचं वसतिगृह, मंग नागपूर, मंग समुद्र. दोन वर्षांनी तोंड दाखवलं, ते बी ड्रमसाठी.

अन् तो ड्रम बांधला कुठी? आमच्याच घाटावर. ज्या दगडावर मी जाळं वाळवते, त्याच दगडाले!

दिवे लागायच्या वेळेले घरी आली. गालफडं बसली आहेत. बोंबलाचं कालवण वाढलं तर तोंडावर हात धरून न्हाणीकडे पळाली. "जहाजावर राह्यल्यापासून मासोळीचा वास चालत नाई आजी." ढिवराची पोरगी! मी म्हटलं, "मंग समुद्रात काय करते, भजन?" कोरडा भात अन् लोणचं खाऊन झोपली.

५ ऑगस्ट

ड्रम काय आहे ते इचारलं. लिहून ठेवते, नाई तर शेजारची भागीरथा उद्या गावात दुसरंच सांगत फिरन. तिले सारं आमच्या आधी माहीत असते.

हा ड्रम समुद्राच्या तळाशी महिने महिने एकटा बसते. जवळ माणूस नाई. आपल्या मनानं पाणी ओढते, गाळते, अन् गाळात जे राह्यलं ते आतल्या आतच तपासते. मासोळी पाण्यातून गेली की अंगाचं काई ना काई मागं सोडते — खवल्याचा भुगा, चिकट, मूत. त्याच्यात तिचं डीएनए असते म्हणे. त्यावरून ड्रम ओळखते की कोणती मासोळी येऊन गेली, अन् निरोप हर्षाच्या कॉम्प्युटरवर. मासोळी दिसायची बी गरज नाई.

मी म्हटलं, "म्हणजे मासोळीचं मूत चाखते."

हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "तसंच समज."

"मंग सांग म्हणा, आपल्या तळ्यात रोहू किती आहे?"

"त्याले रोहू ओळखू येत नाई आजी. त्याले समुद्राच्याच मासोळ्या शिकवल्या. बोंबील, सुरमई, पापलेट, अशा."

"रोहू येत नाई! मंग इथी आणला कायले?"

"इथी समुद्राची एक बी मासोळी नाई म्हणून."

तवा समजलं. ड्रमची परीक्षा आहे. आधी तो गुजरातच्या समुद्रात होता. आता गोड्या पाण्यात बसवला, समुद्रापासून इतका दूर. रोज सकाळी पाणी तपासन, अन् रोज त्यानं 'नाई' म्हटलं पाह्यजे. बोंबील नाई. सुरमई नाई. पोळ्यापर्यंत असंच आलं की पास. मंग ड्रम वेरावळहून जहाजावर चढन, अन् त्याच्यासंग हर्षा, सहा महिने. मधातच 'आहे' म्हटलं तर तिचे मोठे सायब, थॉमस सायब, म्हणन की ड्रम खोटं बोलते. मंग जहाज नाई. हिले नागपूरच्या हापिसात बसवन.

"तुले जायचं आहे ना?" मी इचारलं. तर मले पंप कसा चालते तेच सांगत बसली. शिकलेल्या लोकांले एक गोष्ट इचारा, दुसरीच ऐका.

७ ऑगस्ट, बुधवार

बाजार. बोंबील आणले, जाडे जाडे पाहून.

आमचं सारं उलटं. ढिवर तळ्याचे, अन् चुलीवर समुद्राचे बोंबील! पण तळ्यात मासोळीचं बीज टाकलं की पोळ्यापर्यंत जाळं बंद. ढिवरांच्या सोसायटीचा नियम आहे, अन् सोसायटी नव्हती तवा बुढ्यांचा होता. तोवर बाजारातली सुकी मासोळी.

जाळं बंद असते तवा घरात जी मासोळी शिजन, तिचं डोकं तळ्याले द्यायचं. चुलीवर चढवायच्या आधी मुठीत धरून न्यायचं, रस्त्यानं कोणाशी बोलायचं नाई. तळ्याचा वाटा. ज्याचं बारा महिने खातो त्याले चार दिवस उपाशी ठेवायचं नाई, एवढंच. माही सासू देत होती. आता गावात मी एकटीच देते, बाकीच्यांच्या सुनांले लाज वाटते. हर्षा लहान होती तवा हे काम तिचं होतं. मूठ आवळून पळायची, अन् रस्त्यात चुकून बोलली तर रडत परत यायची — "आजी, दुसरं डोकं दे!"

आज मी वाटा घाटावरून नाई टाकला. मांडीभर पाण्यात गेली अन् बराबर ड्रमच्या वर सोडला. तळ्यानं त्याले सांभाळून घ्यावं. पोट्टीच्या कामाचा प्रश्न आहे.

लुगडं भिजलं ते वेगळंच.

८ ऑगस्ट

ड्रम म्हणते बोंबील!

हर्षानं कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. परत बोंबील.

१० ऑगस्ट

ड्रम काल बाहेर काढला. ओसरीत पांढरी चादर पसरून सारं आतडं-कोथळा मांडला — नळ्या, गाळण्या, बोटभर बाटल्या. स्पिरिटनं धुऊन राह्यली. घराले दवाखान्याचा वास. मी चादर ओलांडली तर ओरडली. माह्याच ओसरीत मी पाय कुठी ठेवू ते आता ती सांगणार!

थॉमस सायबाचा फोन आला. मोडक्या हिंदीत बोलते, म्हणून मले बी समजलं. म्हणे, गुजरातच्या समुद्रातला बोंबील नळीत राह्यला असन, तुम्ही नीट धुतलं नाई. अन् तसं असन तर मागच्या दोन वर्षांत ड्रमनं जे जे सांगतलं त्याच्यावर बी भरोसा कसा ठेवायचा?

ही आपली "यस सर, यस सर". माह्याशी बोलताना जिभेले धार असते. तिथी यस सर!

दुपारी ड्रम परत पाण्यात. मी आज तीन डोकी दिली. एकानं भागलं नसन.

११ ऑगस्ट

परत बोंबील. आधीपेक्षा जास्त, म्हणे.

हे तळं एवढं कसं रुसलं? उद्या आणखी देते.

१३ ऑगस्ट

सोसायटीचे अध्यक्ष डोमा भाऊ आले. चहा पिल्यावर तोंड उघडलं.

"केसरबाई, तुमच्या नातीच्या त्या बॉम्बानं आपलं बीज मरन अशी लोकांत चर्चा आहे."

"लोक म्हणजे तुमची बायको का?"

"तसं नाई... पण तो पाणी ओढते म्हणे."

"तुमची म्हैस बी ओढते, भाऊ. तिले इचारलं का कधी?"

हर्षा काई सांगायले उठली, तिले मी हातानंच बसवली. "तिले काई इचारू नका. या घरात उत्तर मी देते." डोमा भाऊ गेले. बिस्किटं मात्र सारी संपवून गेले.

हर्षा म्हणे, "आजी, मले बी बोलता येते." मी म्हटलं, "तुले यस सर बोलता येते."

१४ ऑगस्ट, बुधवार

कसं लिहू.

सकाळी वाटा घेऊन निघाली. मुठीत चार डोकी. हर्षा घाटाच्या पायरीवर बसली होती, गुडघ्यावर कॉम्प्युटर. मले पाहून म्हणे, "आजी, तूच सांग. समुद्र इतका दूर. इथी बोंबील येणार कुठून?"

मी बोलली नाई. वाटा मुठीत असताना बोलता येत नाई. तिले बी माहीत आहे ते. तिनं माह्या मुठीकडे पाह्यलं, मंग पाण्याकडे.

मी पाण्यात उतरली. ड्रमपाशी पोचली, मूठ उघडली, अन् हातावर ती चार डोकी, वाळकी, तोंड वासलेली. बोंबलाची. तवा कुठी टाळक्यात उजेड पडला.

बाप्पा! म्हणजे ज्या दिवशी मी दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सांगतलं. अन् तीन दिली तर जास्त सांगतलं. खोटं कोणी बोलत नव्हतं तिथी.

मूठ परत बंद केली. डोकी घरी आणून मांजरीले टाकली. अशी परत आणायची वेळ माह्या सासूवर बी कधी आली नसन.

हर्षाले काई सांगतलं नाई.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. लाडू चांगले नव्हते.

आज ड्रमनं 'नाई' म्हटलं. पण सायब म्हणते, आता 'नाई' म्हणून उपयोग नाई. मधात बोंबील कसा आला त्याचं कारण दाखवा, त्याशिवाय जहाजावर चढवणार नाई.

कारण माह्यापाशी आहे.

१७ ऑगस्ट

सांगतलं तर पोरगी जाते, सहा महिने, जिथी बुडालं तर पाळ बी नाई. नाई सांगतलं तर नागपूर. नागपूरहून सकाळची बस धरली तर जेवायले घरी. राजुऱ्याचा प्रफुल आहे, कोळशाच्या खाणीत पक्की नोकरी, त्याच्या मायनं दोनदा मागणीचा निरोप दिला. मी काई वाईट करून नाई राह्यली. फक्त बोलून नाई राह्यली.

जाळं विणायले बसली. गाठी चुकल्या, सोडल्या, परत चुकल्या. पाळीवर गेली, आली, परत गेली. भागीरथा म्हणे, "काय वो, पाय भाजले का तुह्ये?" मी म्हटलं, "तुही जीभ भाजली तर बरं होईन."

अजयचा फोन आला होता. त्याले बी नागपूरच बरं वाटते. म्हणे, "तू काई बोलू नको आई, आपोआप होऊन राह्यलं तर होऊ दे."

तो असं म्हणाला तवापासून जास्तच वाईट वाटून राह्यलं. माह्या मनातलं त्याच्या तोंडून ऐकलं तर किती घाण लागलं.

१८ ऑगस्ट

झोप नाई. भाकरी जळली.

२० ऑगस्ट

सांगून टाकलं.

ठरवून नाई. सकाळी ती ओसरीत तीच नळी परत धुऊन राह्यली होती. स्पिरिटनं बोटं सोलली. धुता धुता म्हणे, "मीच घाण ठेवली असन आजी. दुसरं काई कारणच नाई." शांतपणे म्हणे. जसं काई बरंच झालं.

माह्या डोक्यात तिडीक गेली. घाण? या घरच्या पोरीनं? मी हिले भांडे घासायले शिकवलं आहे, राखेचा कण राह्यला तर परत घासायले लावलं आहे! "कोणी नाई घाण ठेवली," मी म्हटलं. "मी टाकले बोंबील. तळ्याचा वाटा. तुह्या ड्रमवरच टाकला, त्याचं भलं व्हावं म्हणून."

नळी हातात तशीच. मले वाटलं आता ओरडन, नाई तर हसन.

"कायले सांगतलं आजी?"

एवढंच. मंग उठून पाळीवर गेली.

इतके दिवस दाबून ठेवलं म्हणून राग आला असन. रागात माणूस काईबाई बोलते.

२१ ऑगस्ट

सायबाचा फोन. हर्षा घ्यायले गेली, मी हातातून घेतला. "तू तोंड उघडू नको. माहं काम, मीच बोलते."

माही हिंदी त्याच्यासारखीच मोडकी, म्हणून जमलं. सारं सांगतलं — जाळं बंद, बाजार, डोकं, मूठ. तो मधातच म्हणे, "एक मिनिट, माजी. सिर्फ सर?" मी म्हटलं, "हाँ, सिर्फ सर. बाकी हम खाते हैं, फेकेंगे क्या?"

असा हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला. म्हणे, एवढ्याशा वाळक्या डोक्यावरून त्यानं तळ्यात बोंबील ओळखला असन तर ड्रम आमच्या कल्पनेपेक्षा हुशार निघाला. पण नुसतं सांगणं चालत नाई. उद्या एक डोकं टाका, फक्त एक. परवा बोंबील आला पाह्यजे. मंग पोळ्यापर्यंत काईच टाकू नका, रोज 'नाई' आलं पाह्यजे. तसं झालं तर तुमची नात जहाजावर.

मी फोन परत दिला. "झालं तुहं काम," म्हटलं. तिनं "थँक्यू सर" म्हटलं, पण फोन ठेवून झाल्यावर.

२३ ऑगस्ट

काल टाकलं. आज बराबर बोंबील!

अर्धं गाव घाटावर. डोमा भाऊ म्हणे, "मले पहिल्यापासून वाटत होतं, यंत्र पक्कं आहे." भागीरथानं इचारलं, "माह्या घरी काल काय शिजलं ते बी सांगते का हा?" मी म्हटलं, "त्याले यंत्र कायले पाह्यजे, आम्हाले भिंतीतून वास येते."

सारे हर्षाले शाबासकी देऊन राह्यले. ती मात्र अशी उभी, जसं दुसऱ्याच कोणाचं लग्न आहे.

उरलेल्या बोंबलाची पुडी भागीरथाकडे ठेवायले दिली. पोळ्यापर्यंत माह्या घरात नकोच. माह्या हाताचा भरोसा नाई, सवयीनं टाकून बसन.

तळ्याले सांगतलं, एवढे दिवस उधार.

२६ ऑगस्ट

नाई. नाई. नाई. रोज तेच. सायब खूष.

मी खूष आहे का, ते मले इचारू नये कोणी.

२९ ऑगस्ट

बॅग अजून रिकामी. शेवटी मीच भरायले घेतली — गोधडी, आल्याच्या वड्या, मळमळ झाली तर चाटायले. ती भिंतीले टेकून पाहत बसली.

"जहाजावरून काय काय दिसते?" मी इचारलं.

"काईच नाई आजी."

"काईच कसं नाई?"

"चारी बाजूले काईच नाई. तळ्यात कसं, कुठी बी पाह्य, पलीकडं झाड आहे, माणूस आहे, कोणाचं बैल आहे. तिथी पाणी संपतच नाई. अन् झोपलं की लोखंड वाजत राहते कानात."

मी म्हटलं, "सवय होते."

ती "हो" म्हणाली. मंग इचारलं, "आजी, तुह्या मनात होतं ना, मी नागपूरले राहावं?"

"माह्या मनात लय काई असते. त्यावर कोणी चालायचं नाई. इतकं शिकली, आता मागं पाहू नको."

परत "हो" म्हणाली. गोधडी बॅगेत बसत नव्हती. गुडघा देऊन बसवली.

३१ ऑगस्ट

आज बी नाई. उद्याची एक तपासणी, परवा पोळा, अन् जीप येणार.

दुपारी पाळीवरून येताना हर्षा समोरून गेली, घाटाकडे. हाक मारली. वळली नाई, बोलली नाई. मी म्हटलं, जाऊ दे. जायच्या आधी माणूस असंच करते.

१ सप्टेंबर, रविवार

ड्रम म्हणते बोंबील.

मी नाई टाकला. पुडी भागीरथाकडे. जाऊन इचारलं तर म्हणे, "काल हर्षा आली होती ना! एक मागून नेला, भाजून खाते म्हणे."

जी वासानं न्हाणीकडे पळते ती.

अन् काल पाळीवर तिची मूठ बंद होती.

सायबाचा फोन येणार आता. पोळ्याले घरी आलेल्या अजयले सांगून ठेवलं, भागीरथाले दम दिला, अन् हे माह्यासाठी लिहून ठेवते — फोनले कोणी हात लावायचा नाई. केसरबाईनं तर मुळीच नाई. हर्षानंच उचलायचा. उत्तर तिनंच द्यायचं.